माप तेच, दारू वेगळी

वाचकांचे प्रश्न

(उत्तरं देणारे फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे होते. निवृत्तीनंतर बेळगावात स्थायिक.)

प्रश्न : साहेब, मी निपाणीजवळ राहतो. बारा बोरचा परवाना आहे, मातीच्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची आवड आहे. परदेशातले नेमबाज काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. तसं रीतसर परवानगी काढून आपणही करावं असं मनात आहे. बंदुकीच्या दारूच्या जळण्याच्या वेगाचा एक तक्ता मिळाला. शंभरावर नावं आहेत, सगळ्यात जलद वर, सगळ्यात मंद खाली. जलद म्हणजे जास्त ताकदवान का? आणि तक्त्यात शेजारी असलेल्या दोन दारूंना एकच प्रमाण चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बोटं त्यातच जातात. चालणार नाही. कधीच नाही.

तुमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती होतात. दुसऱ्या दिवशी निकाल कळतो, पहिली जोडी कुणाची, दुसरी कुणाची. पण पहिल्या-दुसऱ्यात हातभर अंतर होतं की अर्ध्या मैलाचं, ते निकालावरून कळत नाही. हा तक्ताही तसाच निकाल आहे. त्यात फक्त क्रम असतो, माप नसतं. चौदावी आणि पंधरावी दारू एकमेकींच्या अगदी जवळ असतील, आणि पंधराव्या-सोळाव्यात मोठी दरी असेल. शिवाय हा क्रम बहुतेक करून बंद पोलादी पात्रात दारू जाळून, दाब किती लवकर चढतो ते मोजून लावलेला असतो. तुमच्या बंदुकीत पुंगळी वेगळी, छर्ऱ्यांचं वजन वेगळं, दारू पेटवणारी बुडाची टोपी वेगळी. तिथं दोन शेजारणी जागा बदलतात. म्हणून एका कारखान्याच्या तक्त्यातला क्रम दुसऱ्याच्या तक्त्याशी जुळत नाही.

नावावर तर मुळीच जाऊ नका. 'आयएमआर ४३५०' आणि 'एच ४३५०' या दोन वेगळ्या दारू आहेत. आकडा एक, प्रमाण वेगळं. अशी आणखीही नावं आहेत. दारूच्या डब्यावरचं पूर्ण नाव आणि त्या कारखान्यानं छापलेल्या पुस्तकातलं पूर्ण नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. टोपी, पुंगळी, छर्ऱ्यांचं वजन, आतलं बूच, सगळं त्या ओळीत दिलंय तसंच. त्यातली एक वस्तू बदलली की ती ओळ तुमच्यासाठी नाही.

आता जलद आणि ताकदवान. या दोन गोष्टी मनात कायमच्या वेगळ्या करून ठेवा. दोन दारूंत ग्रॅममागे जवळजवळ सारखीच ऊर्जा असते, तरी एक जलद आणि एक मंद असते. गुऱ्हाळावर तुम्ही बसला असाल. चुलवाणात चिपाडं घालणारा गडी बघा. वाळली चिपाडं सुटी करून सारली की भडका उडतो, तेवढ्याच वजनाचं लाकडाचं ओंडकं सारलं तर तासभर धुमसतं. फरक आगीला किती पृष्ठभाग मिळतो याचा आहे. एक सेंटिमीटर बाजूचा गुळाचा चौकोनी खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर होतात. त्याचेच मिलिमीटरचे हजार खडे केले की पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. गूळ तेवढाच, चाटायला जागा दहापट. दारूचा दाणा बाहेरून आत थराथरानं जळतो, ही गोष्ट पिओबेर नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं १८३९ मध्येच मांडली. म्हणून बारीक दाणा, पातळ चकती म्हणजे जलद, जाड दाणा म्हणजे मंद. त्यावर आणखी लेप असतो. काही दाण्यांच्या बाहेरच्या थरात जळणं रोखणारं रसायन मुरवलेलं असतं, त्यामुळे सुरुवात दमानं होते आणि लेप संपल्यावर दाणा जोर धरतो. वरची काळपट चमक ग्रॅफाइटची. त्यानं दाणे मापातून सुटसुटीत ओघळतात आणि घर्षणाची वीज साचत नाही.

मग कुठल्या बंदुकीला कुठली? बारा बोरची नळी रुंद, साधारण साडेअठरा मिलिमीटर. छर्रे सुटले की मागची जागा झपाट्यानं वाढते, दाब पसरून जातो, म्हणून तिथं जलद दारू लागते. मंद दारू टाकली तर दाब हवा तेवढा चढत नाही, निम्मी दारू न जळताच बाहेर पडते. रायफलीत उलटं. पुंगळी मोठी, भोक बारीक, गोळी नळीत घट्ट बसलेली. तिथं गोळी पुढं सरकत असताना मागून जाळ पुरवत राहणारी मंद दारू पाहिजे. रायफलीत बारा बोरची जलद दारू त्याच वजनानं घातली तर गोळी हलायच्या आतच सगळा दाब उसळतो आणि पुंगळीमागचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, त्यासकट तोंडावर येतो. आकड्यांत सांगतो. अमेरिकी मानकाप्रमाणे नेहमीच्या पावणेतीन इंची बारा बोरला चौरस इंचाला जास्तीत जास्त ११,५०० पौंड दाब मान्य आहे. '.३०-०६' रायफलीला ६०,०००. मोटारीच्या चाकात असतो तीसेक. बारा बोरची नळी हातात घेऊन बघा किती पातळ असते. चुकीला तिच्यात जागाच ठेवलेली नाही.

नळी आखूड असली की जलद दारू घ्यावी असंही बरेच जण म्हणतात. तसं नाही. दारूचा मोठा भाग पहिल्या काही इंचांतच जळून जातो. लांब नळीत जी दारू जास्त वेग देते तीच बहुतेक वेळा आखूड नळीतही देते, तोंडाशी जाळ तेवढा मोठा दिसतो. दारू पुंगळीवरून आणि गोळीच्या वजनावरून ठरते.

दोन दारू मिसळून मधला वेग काढायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो काढून टाका. आणि मंद दारू निम्मीच भरून 'हलकं' काडतूस करणंही तितकंच वाईट. अर्ध्या रिकाम्या पुंगळीत मंद दारू आडवी पसरते आणि पेटताना दाब बेभरवशाचा होतो. कमी दारू म्हणजे कमी धोका, हे सरसकट खरं नाही.

काडतुसातली दारू ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन हे वजनाचं माप आहे, ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या काट्यावर तोलायचं काम आहे हे. तुम्ही प्रमाण विचारलेलं नाही, पण पुष्कळ जण विचारतात म्हणून सांगतो, या सदरातून मी कुणालाही ग्रेनचा आकडा देणार नाही. तो फक्त दारू बनवणाऱ्यानं द्यायचा. आणि कायदा सांगायचा राहिला. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. आधी लेखी परवानगी हातात येऊ द्या, मगच पुढं.

प्रश्न : आमचं गाव खानापूरच्या पुढं, जंगलाला लागून. भाताला डुकरं येतात, गवेही उतरतात. आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासायची बंदूक आहे, पिकाच्या राखणीचा परवाना आहे. काळी दारू मिळणं अवघड झालंय. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घातली तर चालते असं गावात म्हणतात. मामा, खरं काय?

उत्तर : दादा, हे वाचून झाल्यावर उठा आणि जो असं म्हणतो त्याच्या घरी जाऊन हे त्याला वाचून दाखवा.

निवृत्त होऊन मला चार-पाच वर्षं झाली होती. तुमच्याच तालुक्यातल्या, जंगलकडेच्या एका गावातून निरोप आला, बंदूक फुटलीय, बघायला या. गेलो. पडवीत पोत्यावर नळी ठेवलेली. कानापासून, म्हणजे दारू पेटते त्या मागच्या भोकापासून, वीतभर उभी फाटली होती आणि फाटलेल्या कडा केळफुलाच्या पाकळीसारख्या बाहेर वळल्या होत्या. मी आधी कडा पाहिल्या. जुनी चीर असेल तर तिथं गंज असतो, तांबूस काळा. इथं सगळी कड स्वच्छ, दाणेदार, राखाडी. म्हणजे नळीत आधीचा दोष नव्हता. एकाच बारात एवढा दाब आला की चांगलं लोखंड फाटलं. ज्याची बंदूक होती तो आत खाटेवर होता. डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, तळहाताला पट्ट्या. त्याच्या बायकोनं कोनाड्यातून बांबूचं माप आणून दाखवलं. अंगठ्याएवढी कांडी, आतून काळी झालेली, त्याच्या वडिलांपासूनची. त्या मापानं चाळीस वर्षं काळी दारू घातली गेली, कधी काही झालं नाही. त्या दिवशी काडतुसं फोडून त्याच मापानं, भरून, बिनधुराची घातली. माप तेच होतं.

का फाटली ते नीट समजून घ्या. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. ती उघड्यावरही भस्सकन जाते आणि नळीतही साधारण तशीच जाते. दाब वाढला म्हणून तिचा वेग फारसा वाढत नाही. शिवाय निम्म्याहून जास्त भाग जळून धूर आणि काजळीच होतो, जोर त्या मानानं कमी. ठासणीची नळी या दारूसाठी घडवलेली असते. काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची. उघड्यावर पेटवा, काळ्या दारूपेक्षा सावकाश जळते. म्हणूनच माणूस फसतो, त्याला ती गरीब वाटते. पण कोंडली की तिचा स्वभाव पालटतो. जळून वायू होतो, वायूनं दाब वाढतो, दाब वाढला की दाणा आणखी जलद जळतो, त्यानं दाब आणखी. दाब दुप्पट झाला तर वेगही जवळपास दुप्पट होतो. ठासणीत गजानं ठोकून बसवलेल्या चिंध्या आणि छर्ऱ्यांच्या मागं हे चक्र सुरू झालं की थांबवायला काही नाही. वर मापाची गोष्ट. त्याच कांडीत काळ्या दारूच्या मानानं कितीतरी पट जोर मावतो.

'थोडीशीच घालतो' हेही नको. किती म्हणजे थोडी, हे त्या नळीबद्दल कुणालाच सांगता येणार नाही. जुन्या काडतुसाच्या बंदुकींचंही तेच. वळ्यावळ्यांची नक्षी दिसणाऱ्या जुन्या विलायती नळ्या काही घरांत आहेत. त्या पुष्कळदा काळ्या दारूच्या जमान्यातल्या असतात. नळीखाली बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का नसेल तर आजचं काडतूस तिच्यात घालू नका.

डुकरांचं म्हणाल तर पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनखात्याकडं करा, पंचनामा लगेच करून घ्या, फोटो काढा. पैसे उशिरा येतात, मला माहीत आहे, आमच्या मेहुण्यांच्या भाताचं हेच झालं. पण परवाना राखणीचा असला तरी जनावर मारायचं की नाही हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ठरवतो, आणि गव्याला तर हात लावायचाच नाही.

प्रश्न : काका, मी बेळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तोफेच्या दारूच्या दाण्याला सात भोकं असतात असं वाचलं. भोकांनी काय होतं?

उत्तर : चांगला प्रश्न विचारलास पोरा. मला हे कळलं ते शेवयांवरून.

नवीन भरती असताना आमच्या उस्तादांनी जुन्या '.३०३' रायफलीचं एक काडतूस आमच्यासमोर उघडलं. मला वाटलं दाणे सांडतील. आत काड्या होत्या. तपकिरी, पारदर्शक, उन्हात धरल्या तर निपाणीच्या तंबाखूच्या रंगाच्या, शेवयांची बारीक जुडी असावी तशा. कॉर्डाइट. कॉर्ड म्हणजे दोरी, त्यावरून नाव पडलं. १८८९ मध्ये ॲबेल आणि देवार या दोघांनी इंग्लंडात काढलं. निलगिरीत अरुवनकाडूला त्याचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला, तो अजून आहे. उस्तादांनी एक काडी चिमट्यात धरून पेटवली. आम्ही सगळे मागं सरकलो. ती पिवळ्या ज्योतीनं सळसळत शेवटपर्यंत गेली, आवाज नाही. 'हीच आत असती तर?' एवढंच ते म्हणाले.

आता त्या काडीचा विचार कर. भरीव आहे. बाहेरून जळत आत येते, तसा तिचा घेर कमी होत जातो, म्हणजे जळणारा पृष्ठभाग घटत जातो. सुरुवातीला वायू जास्त, शेवटी कमी. पण गोळीला हवं असतं ते नेमकं उलट, कारण ती जितकी पुढं जाते तितकी मागची जागा मोठी होते. मग मधून एक भोक पाडलं, मॅकरोनीसारखं. बाहेरचा घेर कमी होतो, आतलं भोक मोठं होत जातं, बेरीज जवळपास तेवढीच राहते. सात भोकं पाडली की सात विहिरी एकदम रुंदावतात आणि बाहेरच्या घटीवर मात करतात. पृष्ठभाग वाढतच जातो, विहिरी एकमेकींना भिडेपर्यंत. मोठ्या तोफेची लांबलचक नळी आणि जड गोळा यांना हे मानवतं. दोन भोकांमधल्या भिंतीची जाडी हा इथला कळीचा आकडा. वेग ठरवायचा तर कारखान्यात आधी ती जाडी ठरते.

समीकरण पाहिजे असेल तर व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव शोध. १८८४ मध्ये बिनधुराची पहिली यशस्वी दारू त्यानंच केली, आणि जळण्याचा वेग दाबाच्या अमुक घातानं वाढतो हा नियमही त्याचाच. तो घात एकाच्या जवळ असला की काय होतं ते वर खानापूरच्या पत्रात लिहिलंय. ते वाच, मग कागदावर आलेख काढून बघ. आलेख कागदावरच काढ, प्रयोग करू नकोस.

प्रश्न : अथणीकडं चैत्र-वैशाखात फार तापतं. काडतुसं गाडीत राहिली तर बिघडतात का?

उत्तर : लगेच बिघडत नाहीत, पण तापलेली दारू जलद जळते आणि दाब चढतो. थंडीत ठीक चाललेलं जोराचं काडतूस वैशाखात पुंगळी अडकवतं, टोपी चपटी करतं. अशी खूण दिसली तर तिथंच थांबा. बंद गाडीच्या काचेखाली तर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीत, कुलपात ठेवा. वर्षानुवर्षं उष्णतेत राहिलेली दारू मात्र आतून सडते. तिच्यातलं टिकाऊपणाचं रसायन संपतं, आंबूस उग्र वास येतो, तांबूस वाफ दिसते. अशी दारू आपोआपही पेटू शकते.

प्रश्न : आमचे मिस्टर मागच्या वर्षी गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, पण परवा ट्रंकेत जुन्या काडतुसांचा पट्टा सापडला. काहींच्या कागदी पुंगळ्या फुगल्यात, पितळेवर हिरवं आलंय. मुलगा म्हणतो उघडून दारू विहिरीत टाकू. भीती वाटते. – एक वाचक, जांबोटी

उत्तर : ताई, भीती वाटली हे बरं झालं. मुलाला काहीही उघडू देऊ नका. दारूपेक्षा टोपीचं भय जास्त. ती ठोका, घासणं, चिमटा कशानंही उडते, आणि फुगलेल्या पुंगळीला पकडीत धरलं की नेमका तिच्यावरच दाब येतो. विहिरीत, चुलीत, उकिरड्यात काही टाकू नका. बिनधुराची दारू पाण्यानं मरत नाही, वाळली की पुन्हा पेटते.

पट्टा ज्या ट्रंकेत आहे तिथंच राहू द्या. ट्रंक चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, खाली जमिनीवर असावी. काडतुसं पट्ट्यातून काढून मोजायची नाहीत, वरूनच मोजा. मग परवान्याची प्रत आणि मृत्यूचा दाखला घेऊन ज्या ठाण्यात बंदूक जमा केली तिथंच जा. आधी तुम्ही एकट्याच, पट्टा न घेता. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये अशा वस्तू जमा करण्याची सोय आहे. काडतुसं जुनी आणि फुगलेली आहेत हे स्पष्ट सांगा, ती कशी आणायची हे त्यांनाच ठरवू द्या. जमा झाल्यावर पावतीवर काडतुसांचा आकडा आणि तारीख लिहून घ्या, आणि बंदुकीच्या पावतीला ती टाचून ठेवा. एखाद्यानं पावती उद्या देतो म्हटलं तरी तिथंच बसा. आकडा जुळला नाही तर उद्या विचारणा तुमच्याकडंच होईल.